केळीचे पील आणि आईचे बाळ

प्रश्न : आम्ही चोपडा तालुक्यातील एका गावात राहतो. माघात माझ्या सासूबाई वारल्या. माझी मुलगी पाच वर्षांची असून ती त्यांच्याच कुशीत झोपत असे. मला सध्या आठवा महिना सुरू आहे. दारावर आलेल्या बायका तिला ‘मोठी माय देवाघरी गेली, आता तुझ्या आईच्या पोटी परत येईल’ असे सांगून गेल्या. सासऱ्यांनी तिला केळीच्या बागेत नेऊन घड उतरवलेला खांब आणि त्याच्या बुडाशी वाढणारे पील दाखवले व ‘एक जातं, एक येतं’ असे समजावले. तेव्हापासून ती माझा पदर सोडत नाही आणि बाळ नको म्हणते. परवा रात्री तिने विचारले, “माय, बाळ उनं (आलं) म्हणजे तू मरी जाशी का?” मला काहीच बोलता आले नाही. त्यातच अखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली आहे आणि सासूबाईंच्या नावाने पहिलीच घागर भरायची आहे. त्या दिवशी मुलीला माझ्या माहेरी पाठवावे का?

उत्तर : बागेत जे दिसले त्याचा तुमच्या मुलीने लावलेला अर्थ चुकीचा नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. केळीच्या खांबाला एकदाच घड येतो. घड उतरला की त्या खांबाचे आयुष्य संपते आणि जमिनीतल्या कंदातून फुटलेले पील पुढचा घड धरते. आजोबांनी हा दाखला दिला तो सासूबाईंच्या जाण्याचे दुःख हलके व्हावे म्हणून. पण पोट वाढताना तिला दिसते आहे ते तुमचे, तेव्हा खांब तुम्हीच, असा तिचा सरळ हिशेब झाला.

दाखला ज्यांनी दिला त्यांनीच तो दुरुस्त करावा. ‘केळीचं तसं असतं, माणसाचं तसं नसतं’ एवढे आजोबांनी तिला स्पष्ट सांगावे आणि नुकतीच व्यालेली गाय आपल्या किंवा शेजाऱ्यांच्या गोठ्यात असेल तर ती दाखवावी. वासरू पीत आहे आणि गाय त्याला चाटत आहे, हे पाहिल्यावर फार बोलावे लागणार नाही. तुम्ही तिला सांगावे की मोठी माय पुष्कळ म्हातारी आणि फार आजारी होती, म्हणून गेली. ती बाळामुळे गेली नाही आणि बाळ म्हणजे मोठी माय नव्हे. पुनर्जन्मावर घरच्यांची श्रद्धा असेल तर ती त्यांनी जरूर ठेवावी, परंतु येणाऱ्या बाळाच्या डोक्यावर आजीची जागा भरण्याचे ओझे ठेवू नये. उद्या ते बाळ मोठ्या मायसारखे गोष्टी सांगणार नाही, तेव्हा ही मुलगी दुसऱ्यांदा आजी गमावेल.

मानसशास्त्रज्ञ मारिया नॉज यांनी बुडापेस्टमधील ३ ते १० वर्षे वयाच्या ३७८ मुलांशी मृत्यूविषयी बोलून केलेला अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांच्या आतील मुले मृत्यूला बहुधा गावाला जाणे किंवा झोपणे समजतात, असे त्यांना आढळले. आपण मोठी माणसे ‘गेली’, ‘झोपली’ असेच शब्द वापरतो आणि मुलाच्या त्या समजुतीला खतपाणी घालतो. त्याऐवजी शरीराविषयी बोलावे : मोठ्या मायचे हृदय थांबले, आता तिला भूक लागत नाही, दुखत नाही, थंडी वाजत नाही आणि ती परत येणार नाही. शेवटचे वाक्य जड जाते, पण ते गाळू नये. आजाराचे सांगताना मात्र ‘सर्दी-तापाने असं होत नाही’ हे जोडावे, नाहीतर पुढच्या तापात ती घाबरून जाईल.

‘तू मरशील का’ या प्रश्नाला ‘कधीच नाही’ असे वचन देऊ नये. ‘बाळ होताना माझ्याजवळ डॉक्टर आणि सिस्टर असतील, आणि मला तुझ्यासोबत खूप वर्षं राहायचं आहे’ असे म्हणावे. या वयात त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो : तू दवाखान्यात गेलीस तर माझे कोण? आजीची कूस आधीच गेली आहे. त्या रात्री तिच्याजवळ कोण झोपेल, वेणी कोण घालेल, तुमचा फोन कधी येईल, हे आत्ताच ठरवून तिला सांगावे.

अखाजीला तिला घरीच ठेवावे. घागरीवर डांगर (खरबूज) तिच्या हाताने ठेवू द्यावे, सांजोऱ्या करताना जवळ बसवावे. ‘मोठ्या मायला तहान लागत नाही ना, मग पाणी कशाला?’ असे ती नक्की विचारेल, आणि विचारले तर तिला तुमचे बोलणे समजले असे मानावे. ‘तहान शरीराला लागते, ते आता नाही; आपण तिच्या आठवणीने घागर भरतो’ हे उत्तर खरेही आहे आणि आजोबांना दुखावणारेही नाही. आगारी (विस्तवावर नैवेद्याचा घास) टाकताना आजोबांचे डोळे भरून आले तर ते तिच्यापासून लपवण्याचे कारण नाही.

प्रश्न : आमची गाय रात्री व्याली, ते माझ्या चार वर्षांच्या मुलाने पाहिले. आता तो ‘मी पण असाच आलो का’ म्हणून विचारतो. घरातील वडील मंडळी ‘तुला दवाखान्यातून आणलं’ असे सांगतात. (अमळनेर)

उत्तर : ज्याने वासराचे पुढचे पाय आणि तोंड बाहेर येताना पाहिले, त्याला दवाखान्याची गोष्ट पटणार नाही; फक्त घरचे खोटे बोलतात एवढे त्याला कळेल. ‘हो, तू आईच्या गर्भपिशवीत नऊ महिने वाढलास आणि तिच्या दोन पायांमधल्या वाटेने बाहेर आलास’ असे सांगावे. सिझेरियन झाले असेल तर डॉक्टरांनी पोटावर छेद घेऊन काढले, असे सांगून आई तयार असल्यास वण दाखवावा. ‘पोटात’ म्हणण्यापेक्षा ‘गर्भपिशवीत’ म्हणणे बरे, कारण भाकरीही पोटातच जाते आणि बाळ भाकरीत बुडालेले असते असे समजणारी मुले मी पाहिली आहेत. एवढे ऐकून तो ‘बरं’ म्हणत वासराकडे पळाला, तर त्याच्या मागे धावून उरलेले सांगत बसू नये.