‘टाकीचे घाव’ म्हणणाऱ्यांना काय सांगू?

*ताई, मी भांडुपला राहते, वय 41. सव्वा वर्षापूर्वी माझे मिस्टर गेले. तीन वर्षं डायलिसिसवर होते, नोकरी चालू असतानाच गेले. घरी सासूबाई आणि दहावीतली मुलगी. मी दादरला एका औषधांच्या दुकानात बिलिंगला आहे. सगळे म्हणतात, किती खंबीर आहेस गं! तेराव्याला एक काका म्हणाले, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, यातून तू घडशील. ताई, मी वाट बघतेय. पण घडल्यासारखी मी मला कुठेच दिसत नाही. उलट मुलीवर खेकसते. ट्रेनने विक्रोळी सोडली की रडू येतं, कुर्ल्याला डोळे पुसते. परवा एका बाईने न विचारता उठून खिडकी दिली, तर तिला थँक्यूसुद्धा म्हणाले नाही. ह्यांची पीएफची, ऑफिसची कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत कपाटावर पडून आहेत, हात लावायचा धीर होत नाही. त्यांची मापाने पाणी प्यायची बाटली अजून ओट्यावर आहे. संक्रांतीला शेजारच्या वहिनींनी हळदीकुंकवाला मुलीला बोलावलं, मला नाही. माझ्यात आतली ताकद कमी आहे का? ती आणायची कुठून?*

ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करतेय, चालेल ना?

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या काकांच्या वाक्यापाशी अडले. ती म्हण आपण सगळ्यांनीच लहानपणापासून ऐकलीय. पण ती दगडाची म्हण आहे. दगडाला दुखत नाही. आणि टाकी चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मूर्ती असते. कुठला कपचा उडवायचा, कुठे हात आवरायचा, हे त्याला ठाऊक असतं. तुझ्या नवऱ्याच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर तुझी मूर्ती नव्हती. आजार तुला घडवायला आला नव्हता गं. माणूस गेला, तर त्याच्या बदल्यात तुला काहीतरी मिळालंच पाहिजे आणि ते चारचौघांना दिसलंही पाहिजे, असा हिशेब कुणी तुझ्या डोक्यावर ठेवला असेल तर तो आज खाली ठेव. काका मनाने वाईट नसतील. तेराव्याला काय बोलावं ते सुचत नाही, मग तोंडात येईल ती म्हण माणूस बोलून जातो. पण तू ती सव्वा वर्ष उराशी धरून बसलीस, याचं मला वाईट वाटलं.

आता तुझ्या पत्रात जे नाही ते मी लिहिते. डायलिसिसचं घर मी जवळून पाहिलंय, माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या घरी. आठवड्यातून तीन दिवस, दर खेपेला चार-चार तास मशीन. पोटॅशियम वाढू नये म्हणून बटाटा चिरून भिजत घालायचा, मग भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यायचं. मीठ मोजून, डाळ मोजून, पाणी तर घोटाघोटाने मोजून. रोज सकाळी वजन, कारण दोन डायलिसिसच्या मधे वाढलेलं वजन म्हणजे अंगात साठलेलं पाणी. ज्या हाताला फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिन्या, त्या हाताने जड पिशवी उचलू द्यायची नाही, त्या हातावर कुणाला बीपी बघू द्यायचं नाही. आणि रोज तिथे बोटं ठेवून आतली थरथर लागतेय ना, ते बघायचं. थांबली असेल तर तडक हॉस्पिटल गाठायचं. हे सगळं तुझ्याही घरी झालं असणार. तीन वर्षांच्या हजाराहून जास्त सकाळी होतात. त्यातल्या किती सकाळी तू त्यांच्या हातावर बोटं ठेवून मग डबा भरलास आणि स्टेशनला पळालीस?

हे आजाराने शिकवलं, असं कृपा करून म्हणू नकोस. आजार कुणाला काही शिकवत नाही, तो येतो आणि नेतो. शिकलीस तू. त्याचं श्रेय दुःखाला देऊन टाकायचं, हे मला अजिबात पटत नाही. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅलहून या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी मोठ्या आघातानंतर माणसात होणाऱ्या वाढीचा 1990च्या दशकापासून अभ्यास केला. त्यांचंही म्हणणं असंच आहे की वाढ आघातामुळे होत नाही, त्याच्याशी झगडताना होते. ती सगळ्यांचीच होते असं नाही. आणि झाली तरी दुःख ओसरतं असं नाही, दोन्ही एकाच घरात नांदतात. म्हणजे तू अजून रडतेस आणि तरी घर चालवतेस, यात विसंगत काहीच नाही.

माझ्या आईचं सांगते. 18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होते. लालबागला चाळीत आमची दहा बाय बाराची खोली, बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यातले एक बाबा. आमची गिरणी पुढे कधी नीट चाललीच नाही. आईने डबे करायला घेतले, आधी चार, मग अकरा. सगळी चाळ तिला खंबीर म्हणायची. ती खंबीर बाई रात्री मोरीत बसून रडायची, आणि एकदा चपाती करपली म्हणून तिने मला लाटणं फेकून मारलं होतं. भावाला नोकरी लागली त्या महिन्यात तिने पोळपाट-लाटणं माळ्यावर टाकलं ते कायमचं. पुढे जाईपर्यंत भात खाऊन राहिली, आम्ही चपात्या विकत आणायचो. पिठाचा वास आला तरी उठून गॅलरीत जायची. ती त्या वर्षांतून घडली का? सही करायला शिकली, पोस्टात स्वतःच्या नावाचं खातं काढलं, वाण्याशी ताठ मानेने बोलायला लागली. हे सगळं खरं. पिठाच्या वासाचंही खरं. माझ्या आठवणीत ही दोन्ही वेगळी करता येत नाहीत, मी करतही नाही.

तू ‘आतली ताकद’ म्हणतेस ना, त्या शब्दाने जरा फसायला होतं. जणू प्रत्येकात एक विहीर आहे, ज्याला पाणी लागलं नाही तो खणायला कमी पडला. माझ्या आईची ताकद निम्मीअधिक बाहेरून आलेली मी पाहिली आहे. उधारीवर गहू देणारा वाणी, आमचा धाकटा दुपारी सांभाळणारी पलीकडची आजी. आणि खानावळवाल्या एक मावशी, त्यांनीच तिला हाताला धरून पोस्टात नेलं. गिरणगावातल्या अशा खानावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी 1975मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. सावकाराच्या दारात जाणाऱ्या बायका बँकेच्या कर्जापर्यंत पोहोचल्या त्या एकीच्या बळावर. एकेकटीने आत डोकावून ते झालं नसतं.

म्हणून तुझ्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली बाई ती, खिडकी देणारी. सकाळच्या दादर लोकलला खिडकी सोडणं म्हणजे काय, हे मुंबईकराला सांगायला नको, तिथे चौथ्या सीटवरून भांडणं होतात. तिने तुला ओळखलं. आणि तू बसलीस. ‘नको, मी ठीक आहे’ म्हणाली नाहीस. थँक्यू राहिलं त्याचं काय एवढं? त्याच डब्याने जातेस, दिसेल पुन्हा.

आता ती पिशवी. इथे मात्र थोडं आग्रहाने बोलते, कारण तिच्यात पैसे आहेत. तुझे मिस्टर नोकरीत असताना गेले, पीएफ कापला जात होता, म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि बऱ्याच बायकांना पहिलीच ठाऊक असते. एक, खात्यात साठलेली पीएफची रक्कम. दुसरी, पेन्शन योजनेत असतील तर तुझं पेन्शन, आणि मुलीचं वेगळं, तिला 25 वर्षं पूर्ण होईपर्यंत. ते मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात, म्हणजे सव्वा वर्षाची थकबाकीही त्यात येते. तिसरी, ईडीएलआय नावाचा विमा, त्याची कमाल मर्यादा 7 लाख आहे. पगारातून त्याचा हप्ता वेगळा कापला जात नाही, कंपनी भरते, म्हणून घरी पत्ताच नसतो. फॉर्म 20, 10डी आणि 5आयएफ असे त्यांचे नंबर, आता तिन्हींसाठी एकच संयुक्त फॉर्मही आहे. मृत्यूचा दाखला, तुझं बँक पासबुक, दोघांचं आधार, मुलीचा जन्मदाखला, आणि त्यांच्या ऑफिसची सही-शिक्का. ऑफिस टोलवाटोलवी करू लागलं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. 1987च्या कायद्याप्रमाणे बाईला तिथे मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

पण पिशवी एकटीने उघडू नकोस. तुला अडवतंय ते काम नाही, त्यांची सही अडवतेय. ती सही जिला आपली वाटणार नाही अशी कुणीतरी शेजारी बसव. बहीण, दुकानातली मैत्रीण, कुणीही. कागद तिने काढायचे, वाचायचे. तू चहा कर आणि जिथे विचारेल तिथे अंगठ्याएवढी जागा बघून सही कर. मुलीला यात घेऊ नकोस. तिची दहावी आहे, आणि तिचा बाप गेलाय हे आपण मोठी माणसं विसरतो.

तिच्यावर खेकसतेस म्हणालीस. खेकसलीस की त्याच रात्री तिच्या अंथरुणावर जाऊन सांग, राग तुझ्यावर नव्हता. एवढंच सांग, पुढे रडगाणं नको आणि शपथाही नकोत. माझ्या आईने त्या लाटण्याबद्दल कधीच काही बोलून दाखवलं नाही. मी पंचावन्नची झाले, अजून मला वाटतं, बोलली असती तर बरं झालं असतं.

वहिनींचं ऐकून माझा जीव जळला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे 2022मध्ये ग्रामसभेत ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. एक गाव पुढे गेलं आणि भांडुपची बिल्डिंग मागे राहिली. पुढच्या संक्रांतीला तुला वाटलं तर तूच तिळगूळ कर, सासूबाईंना सोबत घे आणि मजल्यावरच्या सगळ्या बायकांना बोलाव, वहिनींनाही. वाटलं तरच. नाही वाटलं तर दार लावून घरी बस, त्यात हरण्यासारखं काही नाही.

एक मात्र ऐक. झोप किंवा जेवण दोन-तीन आठवडे सलग तुटलं, सकाळी उठून कामाला जाणंच अशक्य होऊ लागलं, किंवा आपण नसलो तर बरं असा विचार एकदा जरी आला, तर थांबू नकोस. 14416 हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. दादरहून परळ जवळ आहे, केईएमच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढला की डॉक्टर बघतात. डायलिसिसला नेताना तुला लाज वाटली होती का? मग इथे का वाटावी?

ओट्यावरची बाटली राहू दे. सासूबाई तिच्याबद्दल काही बोलत नसतील तर एखाद्या दुपारी तूच विषय काढ, म्हणावं, शेवटी-शेवटी किती जपून प्यायचे ना पाणी. त्यांचा मुलगा गेलाय, त्यांनाही कुणाशी तरी बोलायचं असेल.

पिशवी उघडलीस की मला कळव. नाही उघडलीस, तरी कळव.

— तुझी ताई