वाफसा येईपर्यंत खताचं पोतं फोडू नका

प्रश्न (शिरोळ भागातून): आमच्याकडं आठ दिवस धड पाऊस नाही, तरी ऊस पाण्याखाली गेला. असं का होतं? जगात आणखी कुठं असं घडतं का?

तुमच्या रानात आलेलं पाणी तुमच्या आभाळातलं नाही. अरबी समुद्रावरून येणारे ओले वारे सह्याद्रीला धडकून वर चढतात, थंड होतात आणि तिथंच रिते होतात. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस, शिरोळला पाचशेच्या आसपास. वरचं सगळं पाणी भोगावती, कुंभी, कासारी, तुळशीतून पंचगंगेत येतं. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर. पुढं नृसिंहवाडीला कृष्णा आधीच फुगलेली असली की पंचगंगेला वाट मिळत नाही आणि पाणी मागं पसरतं.

कंबोडियात मेकाँग नदी पावसाळ्यात इतकी चढते की तिला मिळणारी तोन्ले साप नदी चक्क उलटी वाहू लागते आणि वरचं तळं कितीतरी पट पसरतं. बांगलादेशात गंगा, ब्रह्मपुत्रा, मेघनेचं बहुतेक पाणी सरहद्दीपलीकडून येतं. मोसमी वारे नसलेल्या मुलखातही पूर येतोच. जुलै २०२१ मध्ये आपण पाण्यात होतो, त्याच महिन्यात जर्मनीतल्या आर नदीचं खोरं उद्ध्वस्त झालं. तिथं कमी दाबाचा पट्टा एका जागी अडकला आणि आधीच भिजलेल्या जमिनीवर पाऊस कोसळत राहिला.

इजिप्तचं उदाहरण तुम्ही नीट ध्यानात घ्या. तिथं पाऊस जवळपास नाही, पण इथिओपियाच्या डोंगरात जून ते सप्टेंबरचा पाऊस झाला की नाईलला दरवर्षी पूर यायचा. आस्वानचं मोठं धरण (१९७० मध्ये पुरं झालं) उभं राहीपर्यंत हे चाललं. तिथला शेतकरी पुराशी भांडला नाही. पाणी उतरायचं, गाळ बसायचा, मगच तो पेरायचा.

प्रश्न (करवीर तालुक्यातून): पाणी उतरलंय. दुकानदार म्हणतो, लगेच एकरी दोन पोती युरिया टाका, वर ह्युमिक आणि टॉनिकची आळवणी करा (पाण्यात मिसळून मुळाशी ओता), नाहीतर ऊस बसला. काय करू?

वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती ओली असली तरी तिच्यात हवा खेळू लागेपर्यंत, जमिनीत काहीही टाकू नका. दुकानदाराला माल खपवायचाय, तुमच्या उसाचं मूळ त्यानं पाहिलेलं नाही. तुम्ही पाहा. उसाचं एक बेट हलकं खोदून मूळ बोटात धरा. पांढरं आणि कडक असेल तर जिवंत. तपकिरी असेल, साल सुटून येत असेल, कुजका वास येत असेल, तर ते मूळ खत घेणारच नाही. दलदलीत हवा नसते. तिथं नत्राचा मोठा हिस्सा जिवाणूंमुळं वायू होऊन उडतो, उरलेला पाण्याबरोबर खाली जातो. म्हणजे पैसा नदीत. आणि मूळ सावरल्यावर जादा नत्र मिळालं की ऊस कोवळा होऊन लोळतो, पोक्का बोईंग हा शेंड्याचा बुरशीजन्य रोग बळावतो. दर पुरानंतर हेच बघतो आहे, गावोगाव.

आधी पाणी काढा. बांध फोडा, चर नाल्याला मिळवा. मग थांबा. मूठभर माती दाबून गोळा करा, सोडून द्या. पडून फुटला तर वाफसा. तेव्हाच खत, तेही माती परीक्षणाच्या पत्रिकेप्रमाणे, आणि एका वेळी एकरी एका पोत्याच्या वर युरिया नाही. तोवर फार तर १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला १० ग्रॅम पानांवर फवारा, ऊन पडल्यावर, पानावरचा गाळ धुऊन. टॉनिकच्या बाटल्यांना हात लावू नका. पुन्हा सांगतो, वाफशाआधी युरिया नाही.

शेंडा बुडालेल्या उसाचा पोंगा, म्हणजे शेंड्यातली गुंडाळलेली कोवळी पानं, ओढून बघा. हातात आला आणि घाण वास आला तर त्या उसाची वाढ संपली. पांगशा (कांडीच्या डोळ्यांतून बाजूचे फुटवे) फुटतील, वजन आणि साखर उतारा घटेल. असा ऊस खतावर जगवत बसू नका, कारखान्याकडे लवकर तोडीची मागणी करा.

प्रश्न (हातकणंगल्यातून): सोयाबीन चार दिवस पाण्यात होतं. विमा, पंचनाम्याचं काय?

मूळ कुजलं असेल तर मोडा, वाफशावर दुसरं पीक घ्या. पंचनाम्याआधी मोडू नका. तलाठी आणि कृषी सहायकांना कळवा, फोटो काढा. सरकारी मदत ३३ टक्के किंवा जास्त नुकसानीला. ऊस पीक विम्यात नाही. बाकी अटी दरवर्षी बदलतात, तालुका कार्यालयात विचारा.

आता पूरपट्ट्यातल्या सगळ्यांना, विचारलं नसलं तरी. नदीकाठच्या सखल रानात आडसाली (जुलै-ऑगस्टची) लागण सोडा. तेव्हा लावलेलं कांडं डोळा फुटायच्या आतच बुडतं, आणि तुम्ही दुबार बेणं विकत घेता. १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबरच्या दरम्यान पूर्वहंगामी लावा. पुढच्या पुरात तो ऊस आठ-नऊ महिन्यांचा, उंच असतो, शेंडा पाण्यावर राहण्याची शक्यता किती तरी जास्त. लागणीआधी हिरवळीचं खत म्हणून ताग गाडा. शेजाऱ्याशी बोलून तीन फूट खोल चर काढा, दोघांच्या बांधावरून, थेट नाल्यापर्यंत. एकट्यानं काढलेला चर शेजाऱ्याच्या बांधाशी अडतो आणि पाणी तुमच्याच रानात तुंबतं.