नैतिकता म्हणजे एन्ट्रॉपीशी लढाई का?

तुम्ही विचारलंय की विश्वात एन्ट्रॉपी, म्हणजे ढोबळपणे पसारा, वाढतच जाते, सजीव मात्र स्वतःची घडी टिकवून धरतात, मग चांगलं वागणं म्हणजे एन्ट्रॉपीविरुद्धची लढाई म्हणायची का. कॉलेजात असताना मलाही ही कल्पना जाम आवडायची, पण ती टिकत नाही.

एक तर सजीव थर्मोडायनॅमिक्सचा, म्हणजे उष्णता-ऊर्जेच्या शास्त्राचा, हा एन्ट्रॉपी वाढण्याचा नियम मोडतच नाहीत. पृथ्वी काही बंद डबा नाही. सूर्याच्या साधारण ५८०० केल्विन (तापमानाचं एकक) तापलेल्या पृष्ठभागावरून प्रकाश येतो आणि पृथ्वी जवळपास तेवढीच ऊर्जा २५५ केल्विनच्या आसपास अवकाशात परत टाकते, म्हणजे एक फोटॉन (प्रकाशाचा कण) आला की कमी ऊर्जेचे सुमारे वीस जातात. ऊर्जा तेवढीच, पसारा कितीतरी जास्त, आणि आपलं सगळ्यांचं जगणं याच फरकावर चाललंय. नुसते बसून असलो तरी आपण १०० वॉटच्या जुन्या बल्बएवढी उष्णता सोडत असतो. आता एन्ट्रॉपी वाढवणं हेच पाप म्हटलं तर श्वास घेणारा प्रत्येक जण पापी, आणि शून्य केल्विनजवळ, म्हणजे शक्य तितक्या थंडीत, गोठलेला स्फटिक सगळ्यात मोठा संत!

पण संबंध अजिबातच नाही असंही नाही. शरीर सतत खर्च होतं म्हणून सतत भरावं लागतं, म्हणून भूक, आणि भूक आली की कोणाला द्यायचं हा प्रश्न आलाच. रक्त पिणारी वटवाघळं बघा. दोन-तीन रात्री लागोपाठ काही मिळालं नाही तर ती मरतात. मग उपाशी मादी शेजारणीचं अंग साफ करते, तिचं तोंड चाटते आणि ती शेजारीण प्यायलेलं थोडं रक्त उलटून तिला पाजते. जीवशास्त्रज्ञ जेराल्ड विल्किन्सन यांनी १९८४ साली हे मांडलं. गंमत हिशोबात आहे, पोट भरलेलीचं वजन झपाट्याने उतरत असतं त्यामुळे तेवढं रक्त दिल्याने तिचे थोडेच तास कमी होतात, पण मरायला टेकलेलीला त्याच रक्तात बरेच जास्त तास मिळतात. आज मी, उद्या तू. जीवशास्त्रज्ञ ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये परस्पर परोपकाराची थिअरी मांडली ती हीच, नात्यातल्यांना मदत करण्यामागचं गणित जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांनी १९६४ मध्येच मांडलं होतं.

तरी यातून फक्त मदत करायची सवय कशी टिकली ते कळतं, मदत करावी का ते नाही. 'आहे' वरून 'असावं' आपोआप निघत नाही हे तत्त्वज्ञ ह्यूमने १७३९-४० मध्येच सांगून ठेवलंय, आणि एन्ट्रॉपी कितीही घातली तरी ती फट बुजत नाही. शिवाय वटवाघूळ देतं ते बहुतेक ओळखीच्यालाच, माणूस मात्र ज्याला कधी बघणारही नाही त्याच्यासाठी रक्तपेढीत जाऊन झोपतो. तिथे भाषा, नाव राखणं, चारचौघांची लाज असं बरंच काही मधे येतं, त्यावर वेगळा प्रश्न टाका, लिहीन.