जुन्या धुराड्याला नवी शेगडी जोडताना

लाकडाची शेगडी जोडण्याआधी धुराडे साफ करून घ्या आणि त्याला आतून कोठे तडे गेले आहेत का, हे जाणकाराकडून तपासून घ्या. नवशिक्यांची चूक बहुधा मापात होते: शेगडीचे धूरमुख 6 इंचांचे आणि विटांचे जुने धुराडे ऐसपैस असेल, तर धूर वर जाताना थंडावतो, ओढ मंदावते आणि आतल्या भिंतींवर सहज पेट घेणारे क्रिओसोट (धुरातून जमणारा डांबरासारखा चिकट थर) साचत जाते, म्हणून धूरमुखाएवढ्याच व्यासाची स्टेनलेस स्टीलची नळी धुराड्यात थेट माथ्यापर्यंत बसवावी. हा खर्च टाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शेगडी आणि धुराडे जोडणाऱ्या नळीचे निमुळते टोक शेगडीकडे ठेवा (उलटे वाटते खरे, पण त्यामुळे क्रिओसोटचा ओघळ बाहेर न येता शेगडीतच परततो). कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा इशारा देणारे यंत्र पहिल्या जाळाआधीच लावा.