शनिवारी गावात राहा

डिंबूला, व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया

सस्नेह आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. ऑस्ट्रेलियात शहराबाहेर राहून काम करायचा ४९१ व्हिसा हातात आला, इथल्या निल गावात तुला नर्सची नोकरी मिळाली, फार बरं वाटलं. (उच्चार ‘निल’च. स्पेलिंगमधला एच नुसता शोभेचा.) एक वाक्य मात्र खटकलं: ‘पीआरसाठी (म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यासाठी) तीन वर्षं काढायची आहेत.’ काढायची? दिवस तुरुंगात काढतात, नाहीतर सासुरवासात.

मीही पहिलं वर्ष असंच काढलं. शुक्रवारी ड्युटी संपली की गाडी मेलबर्नच्या रस्त्याला. चार तास जायला, चार यायला, मध्ये मंडळाचा एखादा कार्यक्रम आणि मैत्रिणीकडचं पिठलं. वर्ष सरलं तेव्हा डिंबूलात मला नावाने ओळखणारा एकच माणूस होता, पेट्रोल पंपावरचा. म्हणून एवढंच सांगते, शनिवारी गावात राहा.

एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत शनिवार म्हणजे फूटी, म्हणजे इथलं फुटबॉल, आणि नेटबॉल. मैदानाभोवती गाड्या तोंड आत करून लावतात. गार वारा सुटला की माणसं काचा वर करून आतूनच मॅच बघतात आणि गोल झाला की टाळ्यांऐवजी हॉर्न वाजवतात. पहिल्यांदा मला वाटलं, कुणाची तरी गाडी अडलीय. खेळ मला आजही अर्धाच कळतो, त्यावाचून काही अडत नाही. तू सरळ कॅन्टीनमध्ये जा आणि मदत हवी का विचार. मला सॉसेजसोबत परतायचे कांदे चिरायला दिले होते. आपला हात तो! अर्ध्या तासात पिशवी रिकामी. शेजारची आजी डोळे पुसत म्हणाली, ‘पुढच्या शनिवारी येशील ना?’ सोमवारी दोन पेशंटनी मला ‘कांदेवाली’ म्हणून ओळखलं. इतकी वर्षं झाली, अजून तेच नाव आहे.

याची दुसरी बाजूही असते. इथे काही लपत नाही. तुझ्या दारात कुणाची गाडी उभी होती, हे दुपारपर्यंत बेकरीत पोचतं. तुलाही नर्स म्हणून घराघरातलं बरंच काही कळेल. ते पोटात ठेव. या गावांत त्याइतकी किंमत दुसऱ्या कशाला नाही.

रस्त्यावर समोरून येणारा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलेल. मी गाडी थांबवून टायर तपासले होते! तो नमस्कार असतो, तूही बोट उचल. संध्याकाळी अंधारायच्या सुमारास मात्र गाडी हळू घे. कांगारू एकटा नसतो, पहिला गेला की दुसऱ्याची वाट बघ. नोव्हेंबर-डिसेंबरात गव्हाची कापणी. हेडर, म्हणजे कापणीचं यंत्र, अख्खा रस्ता अडवून चाललं असेल तर मागे मुकाट्याने चाल. उष्ण वाऱ्याच्या दिवशी ठिणगीच्या भीतीने शेतकरी ते बंद ठेवतात. त्या दिवशी वणव्याच्या सूचना देणारं व्हिकइमर्जन्सी ॲप उघडल्याशिवाय घराबाहेर पडू नकोस.

निलमध्ये तू एकटीच परकी नसशील. २०१०च्या सुमारास तिथल्या बदकमांसाच्या कारखान्याने मेलबर्नमधल्या ‘करेन’ जमातीच्या निर्वासितांना कामाला बोलावलं. मूळची म्यानमारची माणसं, बघताबघता गावची झाली. एका करेन बाईने मला हिरवी जुडी दिली, वास घेतला तर अंबाडी! तिने ती मासळीत घातली, मी घरी येऊन लसणाची फोडणी दिली.

बघायला काय आहे, असं विचारलंस. डिंबूलाजवळ हायवेलगत गुलाबी तळं आहे, पण त्याचा रंग लहरी, फोटोवर जाऊ नकोस. ब्रिमला धान्याच्या जुन्या सायलोंवर, म्हणजे उंच कोठारांवर, चार शेतकऱ्यांची चित्रं आहेत, २०१६ च्या जानेवारीत पूर्ण झालेली. जवळ उभी राहिलीस की मान दुखेल. पण एक रविवार राखून ठेव तो हॅरो गावासाठी. ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला गेलेला पहिला क्रिकेट संघ १८६८ सालचा, आदिवासी खेळाडूंचा, बहुतेक याच पट्ट्यातल्या. सत्तेचाळीस सामने खेळले. चौदा जिंकले, चौदा हरले. त्यातला खरा हिरा जॉनी मुलाघ हॅरोचा. तिथे त्याच्या नावाचं छोटं संग्रहालय आहे. मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीतल्या सामनावीराला २०२० पासून त्याच्या नावाचं पदक देतात. पहिलं कुणाला मिळालं? आपल्या अजिंक्य रहाणेला. गावात हे सांगून बघ, पुढचा अर्धा तास तुला बोलावं लागणार नाही.

सामानात गोडा मसाला आण आणि विमानातल्या कार्डावर तो प्रामाणिकपणे लिही. ताजा कढीपत्ता आणू नकोस. अंबाडीचं बी तर मुळीच नको, विमानतळावरच काढून घेऊ शकतात. निलमध्ये ते कुणाकडे मागायचं, ते मी सांगते.

तुझी,
काकू