समुद्रावरचा शनिवार-रविवार

खान्देशाला किनारा नाही. आपली तापी सातपुड्याच्या कडेकडेनं वाहत सुरतेपाशी समुद्राला मिळते, आपण मात्र काठावरच राहतो. मुंबईहून दोन-तीन रात्रींच्या जहाजसफरी सुरू झाल्यापासून या सदराकडे त्याबद्दल बरीच पत्रं येतात. त्यातले बहुतेकांच्या उपयोगाचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

जाहिरातीत दोन रात्रींची क्रूझ परवडणारी दिसते. आम्ही चौघं, मुलं 9 आणि 14 वर्षांची. खरा खर्च कसा काढायचा? (बँक कर्मचारी, जळगाव)

जाहिरातीतला आकडा माणशी असतो. तो आतल्या, म्हणजे खिडकी नसलेल्या केबिनचा असतो आणि एका केबिनमध्ये दोघं धरून काढलेला असतो. त्यावर बंदर शुल्क, ग्रॅच्युइटी आणि जीएसटी चढतो. ग्रॅच्युइटी म्हणजे जहाजावरच्या कामगारांची बक्षिसी. ती माणशी आणि दर रात्रीच्या हिशोबानं लागते, ऐच्छिक नसते. म्हणून बुकिंग करताना पैसे भरायच्या पायरीपर्यंत जा, तिथला एकूण आकडा वहीत लिहा आणि मगच दोन कंपन्यांची किंवा दोन तारखांची तुलना करा. पहिल्या पानावरचे आकडे ताडून काही कळत नाही.

समजा, मूळ भाडं माणशी 15,000 दिसतंय. लगेच चारनं गुणून 60,000 म्हणू नका. एकाच केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला भाडं बहुधा कमी लागतं, कधी मुलांसाठी सवलत असते. बंदर शुल्क आणि ग्रॅच्युइटी मात्र पोरांनाही मोठ्यांसारखीच पडू शकते. उलट एकट्यानं जाणाऱ्याला जवळजवळ दोघांचं भाडं भरावं लागतं, कारण केबिन अख्खी अडते.

या पैशांत केबिन, मुख्य उपाहारगृहातलं तिन्ही वेळचं जेवण, पोहण्याचा तलाव आणि बरेचसे कार्यक्रम येतात. शीतपेयं, दारू, वाय-फाय, स्पा, खास रेस्टॉरंट, जहाजावरचा फोटोग्राफर आणि बंदरावर उतरून केलेली भटकंती यांचे पैसे वेगळे. जहाजावर रोख चालत नाही. सगळं केबिनच्या कार्डावर चढतं आणि खर्च हाताबाहेर जातो तो इथेच. मुलांच्या हातातल्या कार्डावर खरेदी बंद ठेवता येते का, हे चढल्याबरोबर स्वागत कक्षात विचारा. शेवटच्या रात्री हिशोबाची प्रत मागून घ्या. चूक असेल तर तेव्हाच सुटते. सकाळी उतरताना रांगेत भांडायला वेळ नसतो.

चौघांनी एका केबिनमध्ये राहावं का? दोन रात्रींसाठी जरूर राहा. खाली दोन पलंग आणि भिंतीतून उघडणारे वर दोन बर्थ, अशी साधारण रचना असते, रेल्वेच्या डब्यासारखी. मुंबईहून 2021 पासून चालणारं कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ हे 1990 च्या काळातलं जहाज आहे. तेव्हा जहाजाच्या केबिनी लहान आणि बाल्कन्या कमी ठेवायची पद्धत होती. त्यामुळे मोठ्या कडक सुटकेसा नेल्या तर पाय ठेवायला जागा उरणार नाही. कापडी, दबणाऱ्या बॅगा न्या आणि रिकाम्या झाल्या की पलंगाखाली सरकवा. खिडकीच्या केबिनसाठी जादा पैसे मोजू नका असंच आमचं मत आहे. समुद्र डेकवरून पाहायचा असतो आणि तो डेक सगळ्यांना सारखाच खुला असतो.

शेवटी जळगाव-मुंबई जाण्या-येण्याची तिकिटं, टॅक्सी आणि मुंबईतला एक नाश्ता-जेवण. पहिल्या पानावरच्या आकड्याच्या दीडपट रक्कम बाजूला ठेवलीत, तर परतताना हात आखडता घ्यावा लागणार नाही.

भुसावळहून निघून जहाज नक्की मिळेल, असा प्रवास कसा आखावा? (निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

जहाज कुणासाठी थांबत नाही, आणि वेळेत न पोचलेल्याला परतावाही मिळत नाही. सुटायची वेळ म्हणून तिकिटावर जी असते, ती दार बंद व्हायची वेळ नसते. प्रत्यक्ष सुटण्याच्या तास-दीड तास आधीच नोंदणी बंद होते. शुक्रवारी दुपारी चढायचं असेल, तर गुरुवारी रात्रीची गाडी धरा. अमरावती एक्सप्रेस किंवा विदर्भ एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरता येतं. गाडी दोन-तीन तास रखडली तरी हाताशी वेळ राहतो. त्याच दिवशी सकाळी निघून दुपारी पोचायचा बेत करू नका. धुळ्याहून सकाळी सुटणारी मुंबई गाडी याच कारणानं कामाची नाही. धुळेकरांनी रात्रीची बस धरावी, नाहीतर चाळीसगावला येऊन रात्रीची गाडी पकडावी.

सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर दीड-दोन किलोमीटर आहे. बॅगा असल्यानं टॅक्सीच करा आणि चालकाला ‘ग्रीन गेट, क्रूझ टर्मिनल’ असं सांगा. नुसतं ‘जहाजाला जायचंय’ म्हटलं तर तो गेटवेला किंवा भाऊच्या धक्क्याला नेऊन सोडायचा. सकाळचा वेळ काढायला स्टेशनवरच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवता येतं, पण प्रत्येक बॅगेला कुलूप हवं, चेनचं का असेना. बिनकुलपाची बॅग ठेवून घेत नाहीत.

परत येताना रविवारी सकाळी जहाज लागलं, तरी सगळे उतरेपर्यंत अकरा वाजू शकतात. दुपारी तीनची सेवाग्राम बेतानं जमते. संध्याकाळची विदर्भ किंवा अमरावती निवांत.

गोव्यापर्यंतची एकेरी सफर घेणार असाल, तर भुसावळकरांसाठी आणखी एक सोय आहे. जहाज मुरगाव बंदरात लागतं आणि वास्को स्टेशन तिथून जवळच आहे. वास्कोहून दुपारी सुटणारी निजामुद्दीनची गोवा एक्सप्रेस पुणे, मनमाड करत भुसावळला येते. मुंबईला परतायची गरज नाही. जहाज सकाळी लागणार असेल तरच त्याच दिवशीचं तिकीट काढा. नाहीतर गोव्यात एक मुक्काम करा.

आई 68 वर्षांची आहे, गुडघे दुखतात. बसमध्येही तिला मळमळतं. पण ‘माले समिंदर दखना शे’ हा तिचा हट्ट आहे. न्यावं का? (शिक्षिका, अमळनेर)

न्या. बसमध्ये मळमळणाऱ्याला मोठ्या जहाजावर त्रास होईलच असं नाही. घाटातली बस आणि हजारो टन वजनाचं जहाज यांच्या हलण्यात फार फरक असतो, शिवाय मोठ्या जहाजांना डुलणं कमी करणारे पंख पाण्याखाली बसवलेले असतात. मळमळ होते ती कान आणि डोळे यांच्या भांडणातून. कानाच्या आतल्या भागाला शरीर हलल्याचं कळतं, पण समोरची भिंत तर स्थिर दिसते, आणि मेंदू गोंधळतो. म्हणूनच बंद केबिनमध्ये मोबाइल बघत बसणाऱ्याला आधी त्रास होतो आणि डेकवर उभं राहून क्षितिजाकडे पाहणाऱ्याला आराम वाटतो.

केबिन निवडताना जहाजाच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची मागा. लाटेवर जहाज बागेतल्या सी-सॉच्या फळीसारखं वरखाली होतं. टोकं सगळ्यात जास्त हलतात, मधला भाग सगळ्यात कमी. योगायोग असा की याच केबिनी बहुधा स्वस्त असतात. लिफ्टपासूनचं अंतरही विचारा, म्हणजे लांब बोळातली चाल वाचेल. न्हाणीघराच्या दाराला उंबरा असतो. गुडघे दुखणाऱ्यांना तिथे ठेच लागते, हे आईंना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवा. चाकाची खुर्ची हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी सांगा. बंदरावर आयत्या वेळी ती मिळेलच असं नाही.

औषधं म्हणून सिनॅरिझिन किंवा प्रोमेथाझिनच्या गोळ्या वापरतात. दोन्ही प्रवासाच्या तास-दोन तास आधी घ्यायच्या असतात. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही, म्हणून ‘बघू, झालं तर घेऊ’ हे इथे चालत नाही. दोन्हींनी झोप येते आणि तोंड कोरडं पडतं. काचबिंदू, लघवीचा त्रास, रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्या सुरू असतील, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आईंच्या वयाला मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. जहाज सुटायच्या आधीचं जेवण हलकं ठेवा. त्या दिवशी काळ्या मसाल्याची शेवभाजी नको, पण उपाशीपोटीही ठेवू नका. रिकाम्या पोटी मळमळ वाढते. वरणभात उत्तम. आल्याचा तुकडा जवळ असू द्या.

रोजच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच ठेवा. मोठी बॅग टर्मिनलवर घेतात आणि ती केबिनच्या दाराशी यायला कधी संध्याकाळ होते. मधुमेह असणाऱ्यांची अडचण होते ती इथेच.

केळीच्या कामातून सवड काढायची आहे. आखाजीनंतर मे महिन्यात गेलो तर चालेल का? आणि ‘हाय सी’ सफर म्हणजे काय? (शेतकरी, चोपडा)

चालेल, पण नोव्हेंबर ते मार्च हा काळ त्याहून चांगला. त्या महिन्यांत अरबी समुद्र शांत असतो आणि डेकवर दुपारीही बसवतं. मे महिन्यात आपल्या 44-45 अंशांतून सुटका म्हणून लोक जातात, पण समुद्रावर त्या दिवसांत घाम वाळत नाही, वारं वाढायला लागतं आणि महिन्याच्या शेवटी लाटाही. पावसाळ्यात मुंबईहून या सफरी होत नाहीत. जहाज पूर्व किनाऱ्याकडे जातं. गहू-हरभरा घरात आला की मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात निघा. शाळांच्या परीक्षा चालू असतात, त्यामुळे गर्दी आणि भाडं दोन्ही दिवाळी-नाताळपेक्षा कमी असतं.

‘हाय सी’ सफरीत जहाज मुंबईहून खोल समुद्रात जाऊन फिरतं आणि तिथेच परत येतं. मध्ये कुठे उतरायचं नसतं. काहींना हे आवडतं. ज्यांना गाव, देऊळ, बाजार पाहिल्याशिवाय सहल झाल्यासारखी वाटत नाही, त्यांचा दुसऱ्या दिवशी विरस होतो. तुम्ही गोव्याची घ्या. लक्षद्वीपची सफर दोन रात्रींत होत नाही आणि तिथे प्रवेश परवाना लागतो.

एवढा खर्च झेपणारा नाही. तरी मुलांना मोठ्या बोटीत बसवायचं आहे. (गृहिणी, शहादा)

नंदुरबार जिल्ह्यातल्या वाचकांना मुंबईपेक्षा सुरत जवळ, आणि सुरतेजवळच्या हजीऱ्याहून सौराष्ट्रातल्या घोघ्याला रो-पॅक्स, म्हणजे माणसं आणि वाहनं दोन्ही नेणारी बोट जाते. नोव्हेंबर 2020 पासून ही सेवा आहे. सुमारे 60 सागरी मैल, म्हणजे शंभरेक किलोमीटरचं अंतर ती साधारण चार तासांत कापते. हाच प्रवास रस्त्यानं केला तर खंभातच्या आखाताला वळसा पडून साडेतीनशेहून जास्त किलोमीटर होतो. पोटात मालमोटारी आणि कार, वर बसायच्या जागा, उपाहारगृह आणि मोकळा डेक. चार तास समुद्र बघायला हे पुरतं. आपली तापी जिथे समुद्राला मिळते तो भाग इथून जवळच, हे मुलांना आधी नकाशावर दाखवा. बोटीत बसल्यावर त्यांना त्याची मजा वेगळी वाटेल.

नंदुरबारहून ताप्ती मार्गाच्या गाडीनं सुरत, तिथून हजीरा टर्मिनल पंचवीस-तीस किलोमीटर. रिक्षा-टॅक्सीचे पैसे हिशोबात धरा, कारण बोटीच्या तिकिटाइतकाच तो खर्च जाणवतो. आपली गाडी घेऊन गेलात तर वाहनाचं तिकीट वेगळं आणि आधी काढावं लागतं. घोघ्याहून भावनगर वीसेक किलोमीटर, पुढे पालिताणा पन्नासेक. कोळियाकचा निष्कलंक महादेव भावनगरजवळच आहे. ओहोटीला समुद्र मागे सरतो तेव्हा चालत जाऊन दर्शन घेता येतं, भरतीला वाट पाण्याखाली जाते. त्या दिवशीच्या ओहोटीची वेळ विचारूनच निघा.

खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशात सगळ्यात मोठ्यांपैकी आहे आणि नद्यांचा गाळही खूप येतो. दहेज-घोघा हा आधीचा मार्ग 2017 ला सुरू झाला आणि पुढे पाण्याची खोली पुरेना म्हणून बंद पडला. त्यामुळे वेळापत्रक आदल्या दिवशी तपासा आणि परतीचं रेल्वे आरक्षण बोटीच्या वेळेला चिकटवून ठेवू नका.

मुंबईला जाणं होणारच असेल, तर भाऊच्या धक्क्याहून मांडव्याची रो-रो हाही तासाभराचा चांगला अनुभव.

पासपोर्ट लागतो का? आणि घरचा चिवडा, शेव, लोणचं नेता येतं का? (धुळे)

देशातल्या सफरीला पासपोर्ट लागत नाही. मूळ आधार, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना न्या. मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. तिकिटावरचं नाव ओळखपत्रातल्या नावाशी अक्षर न अक्षर जुळायला हवं. लग्नानंतर आधार बदललेलं नसलेल्या सुनेचं तिकीट सासरच्या आडनावानं काढलं, म्हणजे टर्मिनलवर खोळंबा ठरलेला. वेब चेक-इन घरूनच करा, छापील बोर्डिंग पास आणि बॅगेचे टॅग सोबत ठेवा.

बाहेरचं खाणं बहुतेक जहाजांवर चालत नाही, तान्ह्या बाळाचं सोडून. इस्त्री, किटली, सुरी, लायटर तपासणीत काढून ठेवतात. चिवडा रेल्वेसाठी न्या आणि मुंबईत पोचेपर्यंत संपवा. जैन जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच सांगा.

मोबाइल चालतो का? (पाचोरा)

किनारा दिसेनासा झाला की रेंज जाते. तेव्हा फोन लगेच फ्लाइट मोडवर टाका. जहाजावरचं उपग्रहाचं नेटवर्क फोननं आपणहून पकडलं, तर रोमिंगचं बिल सफरीच्या भाड्याला भिडू शकतं. घरच्यांना निघण्याआधीच सांगून ठेवा की रविवारी सकाळपर्यंत फोन लागणार नाही, आणि जहाज कंपनीचा संपर्क क्रमांक त्यांच्याकडे लिहून द्या. सुटण्याआधी सुरक्षेची कवायत होते, तिला सगळ्यांनी जायचं असतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. तो ऐकला की केबिनच्या दारामागे लिहिलेल्या जागी जमायचं. ती जागा मुलांना चालत नेऊन दाखवा.