वाचकांचे प्रश्न: इंजिन नवे बसवले, मीटर चुकीचे दाखवतात

प्रश्न: जुन्या गाडीत जनरल मोटर्सचे एलएस व्ही-८ इंजिन बसवले आणि बाजारातले वेगळे मीटर लावले. टॅकोमीटर निम्मेच आरपीएम दाखवतो. तापमानाच्या मीटरची वायर ईसीयूच्या (इंजिनाच्या कंप्युटरच्या) कूलंट सेंसरला जोडली, तर इंजिन नीट चालेना. काय चुकले?

उत्तर: टॅकोमीटरचा दोष फक्त सेटिंगचा आहे. या इंजिनाचा ईसीयू टॅकोमीटरला फेऱ्यामागे दोनच पल्स देतो. ८ सिलिंडरच्या सेटिंगवर मीटर चार पल्सची वाट पाहतो, म्हणून ८०० चे ४०० दिसतात. मागचा स्विच ४ सिलिंडरवर करा. तरीही काटा हलला नाही किंवा उड्या मारू लागला, तर सिग्नल कमजोर पडतोय. सिग्नलची वायर आणि इग्निशनचे १२ व्होल्ट यांच्यामध्ये ५ ते १० किलोओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर जोडा.

तापमानाची ती वायर मात्र आजच काढा. ईसीयू त्या सेंसरला स्वतःचे ५ व्होल्ट देऊन त्यावरून इंधनाचे प्रमाण आणि पंखा ठरवतो. मीटर त्याच वायरीत आपला करंट सोडतो आणि दोघांचेही गणित चुकते. मीटरला त्याचा स्वतःचा सेंडर (मीटरला माप पाठवणारा सेंसर) द्या. सीटवर बसून पाहिले तर डाव्या सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकाला कंपनीचा सेंसर असतो आणि उजव्या हेडच्या मागच्या टोकाला बूच. ते काढून एम१२ × १.५ (मेट्रिक आटे) मधून १/८ एनपीटी (निमुळत्या आट्यांचे माप) करणारा अडॅप्टर बसवा. अडॅप्टर लांबुडका नको. सेंडरचे टोक वाहत्या कूलंटमध्ये बुडाले नाही, तर मीटर कमी तापमान दाखवतो.

आणखी एक जागा हमखास फसवते. एका वायरीच्या सेंडरला अर्थिंग मिळते ते त्याच्या आट्यांतून. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे जाड वेढे दिले की अर्थिंग बिघडते, रेझिस्टन्स वाढतो, आणि तापलेले इंजिन मीटरवर थंड दिसते. हा दोष इंजिन जाळू शकतो. १/८ एनपीटीचे आटे निमुळते असतात. पहिले दोन आटे सोडून थोडा द्रव सीलंट पुरतो. मग इंजिन बंद ठेवून सेंडरच्या षटकोनापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मल्टीमीटर लावा. १ ओहमपेक्षा जास्त आले, तर आधी ब्लॉक ते चासी ही अर्थिंगची पट्टी तपासा. नवे इंजिन बसवताना तीच बऱ्याचदा राहून जाते.

प्रश्न: टाकी भरलेली असली की इंधनाचा काटा रिकामी दाखवतो, रिकामी असली की भरलेली. मीटर खराब आहे का?

उत्तर: नाही, जोडी चुकली आहे. इंजिन बदलले तरी टाकी जुनीच असते, तेव्हा मीटर टाकीतल्या सेंडरशी जुळायला हवा. जुन्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत रिकामी ० आणि भरलेली ९० ओहम. जुन्या फोर्डमध्ये उलटे: रिकामी ७३, भरलेली १०. व्हीडीओ कंपनीच्या नेहमीच्या सेंडरमध्ये १० ते १८०. सेंडरची वायर सोडवून टाकी रिकामी आणि भरलेली असताना ओहम मोजा, आणि त्याच पल्ल्याचा मीटर घ्या.